लाठी, तलवार आणि रुपेरी पडदा

युद्धकलेचे चित्रपट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम हाँगकाँग उभे राहते. १९७३ साली ‘एन्टर द ड्रॅगन’ प्रदर्शित झाला आणि ब्रूस ली हे नाव जगभर पोरासोरांच्या तोंडी झाले. परंतु काठीच्या व तलवारीच्या विद्येने प्रेक्षकगृह भारून टाकण्याची रीत आपल्या देशात त्यापूर्वीच रूढ झाली होती. त्या इतिहासाचा एक धागा कावेरीकाठच्या कुंभकोणम नगरीशी जडलेला आहे.

कुंभकोणम मराठी माणसास परके नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे भोसले तंजावरच्या गादीवर आले आणि हा मुलूख त्यांच्या अमलाखाली आला. १७९९ मध्ये राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला, तरी गादी १८५५ पर्यंत नांदली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही संस्थानांची दिवाणगिरी गाजविणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली याच गावी, एका मराठी कुटुंबात झाला.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात याच गावच्या आनैयडी शाळेत एक पितृहीन मुलगा शिकत होता. सिलोनात कँडीनजीक १९१७ मध्ये जन्मलेला हा मुलगा म्हणजे मरुदूर गोपालन रामचंद्रन, अर्थात पुढे अवघ्या तमिळनाडूचे ‘एम. जी. आर.’. घरच्या दारिद्र्यामुळे शिक्षण अर्धवट सुटले आणि वडील बंधू चक्रपाणी यांच्यासह ते ‘मदुराई ओरिजिनल बॉईज कंपनी’ या नाटकमंडळीत दाखल झाले. या बालनाटकमंडळ्या म्हणजे एक प्रकारची गुरुकुलेच होत. पोटाला अन्न आणि त्याच्या मोबदल्यात गायन, नृत्य, भाषण व तलवारबाजी यांची कठोर तालीम, असा तेथील रिवाज असे. शाळेने जे दिले नाही ते या तालमीने दिले. १९३६ च्या ‘सती लीलावती’ या चित्रपटात त्यांना पहिली लहानशी भूमिका मिळाली. नायक म्हणून नाव होण्यास पुढे दहाबारा वर्षे लागली. परंतु तलवार हाती आली तेव्हा हात तयार होता.

त्यांचे तीन चित्रपट मराठी रसिकांनी अवश्य पाहावेत, अशी माझी शिफारस आहे. पहिला ‘नाडोडी मन्नन’ (१९५८). निर्माता, दिग्दर्शक आणि दुहेरी भूमिकेतील नायक ही तिन्ही ओझी त्यांनी एकट्याने उचलली. राजा आणि भटका यांच्या या कथेत तलवारीची द्वंद्वे ही नुसती करमणूक नसून सत्ता कोणासाठी, हा प्रश्न त्यांच्या पाठीशी उभा आहे. दुसरा बी. आर. पंतुलु यांचा ‘आयिरत्तिल ओरुवन’ (१९६५). गुलाम म्हणून विकला गेलेला वैद्य बंड करून उठतो, ही त्याची कथा. नंबियार यांच्याशी झालेली त्यातील झुंज पाहताना दोघेही एकमेकांची चाल ओळखून खेळत आहेत, हे जाणवते. तिसरा ‘रिक्षाकारन’ (१९७१). यात सायकलरिक्षावर बसूनच नायक काठी फिरवितो आणि हल्लेखोरांना थोपवितो. या चित्रपटातील अभिनयासाठी त्यांना राष्ट्रीय पारितोषिक लाभले.

ही काठीची विद्या म्हणजे तमिळ ‘सिलंबम’. वेळूची लांब काठी दोन्ही हातांनी फिरवावयाची; पण सारे मर्म पायांत. पाऊल चुकले की काठी चुकली. आपल्याकडील मर्दानी खेळांतही पवित्र्याला असेच महत्त्व आहे.

येथे एका समजुतीचा परामर्श घेणे आवश्यक आहे. कांचीच्या पल्लव राजपुत्राने, म्हणजे बोधिधर्माने, चीनमधील शाओलिन मठास युद्धकला शिकविली असे सांगतात. २०११ च्या ‘एळाम अरिवु’ या तमिळ चित्रपटाने ती कथा घरोघर नेली. चित्रपट रंजक आहे. तथापि बोधिधर्माच्या नावावर दाखविला जाणारा व्यायामग्रंथ त्याच्यानंतर हजाराहून अधिक वर्षांनी, सतराव्या शतकात रचला गेला, असे संशोधक मानतात. आपल्या विद्येची थोरवी सिद्ध करण्यास अशा आधाराची गरज नाही. ती अंगी असली म्हणजे पुरे.

मग मराठी पडद्याचे काय? मूकपटांच्या काळात कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ने ‘सिंहगड’ (१९२३) काढला. त्याच कंपनीत उमेदवारी केलेले मास्टर विठ्ठल पुढे मुंबईस गेले आणि शारदा कंपनीच्या साहसपटांत तलवार गाजवून हिंदुस्थानचे डग्लस फेअरबँक्स म्हणून ओळखले गेले. ‘आलम आरा’ (१९३१) या पहिल्या बोलपटाचे नायकही तेच. परंतु त्या ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही, आणि त्यांचे बहुतेक मूकपटही काळाच्या उदरात गडप झाले. ज्या मर्दाच्या उड्यांवर हजारो प्रेक्षक लुब्ध झाले, त्याचा हात कसा फिरत असे हे पाहण्याचे भाग्य आपल्या पिढीला जवळजवळ नाहीच.

कुंभकोणमच्या त्या विद्यार्थ्याचे नशीब वेगळे ठरले. १९७७ मध्ये तो मुख्यमंत्री झाला, १९८७ मध्ये निवर्तला. पण त्याची काठी चित्रफितीत राहिली. शस्त्रविद्या लेखणीने पुरती टिपता येत नाही. ती गुरूच्या देहातून शिष्याच्या देहात उतरते, आणि मधला दुवा तुटला की पोथी हाती असूनही हात रिकामे राहतात. चित्रफीत गुरूची जागा घेऊ शकत नाही. परंतु शिष्याच्या मनात ओढ मात्र निर्माण करू शकते. कोल्हापूरच्या तालमींतून दांडपट्टा अद्याप फिरतो आहे. तो फिरविणारे हात आहेत तोवरच ते नीट टिपून ठेवावेत; मास्टर विठ्ठलांच्या बाबतीत जे घडले, ते त्यांच्या बाबतीत घडू नये.