थंडीतील बाळाची झोप : एका सल्ल्याचा इतिहास

प्रस्तावना

हिवाळा आला की घरातली वडीलधारी माणसे तान्ह्या बाळाच्या अंगावर एक दुपटे वाढवतात. टोपडे, कुंची, वर गोधडी आणि खोलीच्या कोपऱ्यात शेगडी असा जामानिमा होतो. यामागे माया तर आहेच, शिवाय पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभवही आहे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला थंडी खरोखरच मारते. मात्र गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत वैद्यकाला दुसरी एक गोष्टही हळूहळू उमगली. काही महिन्यांच्या बाळाला थंडीइतकाच, किंबहुना थंडीपेक्षा जास्त धोका अति पांघरुणाचा आणि चुकीच्या निजवण्याचा असतो. हे ज्ञान उशिरा आले आणि त्या उशिराची किंमत हजारो बाळांनी मोजली. प्रस्तुत लेखात आपण या दोन्ही धोक्यांचा इतिहास पाहणार आहोत.

१. थंडीचा धोका कसा ओळखला गेला

नवजात बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा पृष्ठभाग मोठा असतो, त्वचेखाली चरबी कमी असते आणि मोठ्या माणसासारखे कुडकुडून उष्णता निर्माण करणे त्याला जमत नाही. त्यामुळे ते झपाट्याने गार पडते. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळात हा दोष अधिक तीव्र असतो. शरीराचे तापमान ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की जागतिक आरोग्य संघटना त्याला शीतावस्था मानते. ३२ अंशांखाली ती गंभीर समजली जाते.

पॅरिसमधील प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी १८८० च्या सुमारास तेथील प्रसूतिगृहात उबदार पेट्या बसवल्या आणि कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू ठळकपणे घटले. पुढे १९५८ मध्ये अमेरिकेत विल्यम सिल्व्हरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नियंत्रित प्रयोग करून दाखवले, की पेटीतील तापमान काही अंशांनी वाढवले तर अपुऱ्या दिवसांची बाळे अधिक संख्येने वाचतात. ऊब हा केवळ सोयीचा भाग नसून जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे, हे यातून सिद्ध झाले.

पण पेटी विकत घेणे सर्वांना शक्य नव्हते. १९७८-७९ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे एदगार रेय आणि एक्तोर मार्तीनेस या डॉक्टरांनी पेट्यांच्या टंचाईवर साधा उपाय काढला. बाळाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवायचे. हीच पुढे ‘कांगारू मातृसेवा’ म्हणून जगभर पसरली.

भारतातील दोन प्रयोग येथे महत्त्वाचे आहेत. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाच्या देखभालीचे प्रशिक्षण दिले. बाळ कोरडे करणे, गुंडाळणे, लगेच अंगावर पाजणे आणि गरज पडल्यास उबदार झोपण्याच्या पिशवीत ठेवणे ही कामे त्यांच्याकडे होती. ३९ गावांतील या कामाचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. अर्थात हे यश एकट्या उबेचे नव्हते. जंतुसंसर्गावरील उपचारांचा त्यात मोठा वाटा होता. पुढे २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. दुसरा प्रयोग उत्तर प्रदेशातील शिवगडचा. तेथे त्वचास्पर्शाने ऊब देण्यासह घरगुती सवयी बदलण्यावर भर दिला गेला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात मृत्यूंमध्ये ५४ टक्के घट नोंदवली गेली.

२. आईवर ठेवलेला ठपका

आता दुसऱ्या धोक्याकडे वळू. रात्री निरोगी झोपलेले बाळ सकाळी मृत आढळणे ही घटना फार जुनी आहे. युरोपात शतकानुशतके तिचे एकच स्पष्टीकरण दिले जाई, ते म्हणजे आईच्या अंगाखाली बाळ चिरडले. १८९२ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी शहराचे पोलीस वैद्य चार्ल्स टेम्पलमन यांनी अशा २५८ मृत्यूंचा आढावा घेतला. दारू, अज्ञान आणि दाटीवाटीची घरे ही कारणे त्यांनी पुढे केली. १९०८ च्या ब्रिटिश बालक कायद्याने तर नशेत बाळाशेजारी झोपून त्याचा जीव गुदमरल्यास शिक्षेची तरतूद केली. गरीब आईच्या दुःखावर अपराधाची मोहर बसली.

विसाव्या शतकात पाळण्यात एकटी झोपलेली बाळेही अशीच दगावतात हे लक्षात आले. १९६९ मध्ये सिॲटल येथील परिषदेत या मृत्यूंना ‘आकस्मिक शिशुमृत्यू’ असे स्वतंत्र निदान मिळाले. हे मृत्यू प्रामुख्याने दोन ते चार महिन्यांच्या बाळांत घडत आणि हिवाळ्यात त्यांची संख्या वाढे. हिवाळाच का, हा प्रश्न तेव्हा बराच काळ अनुत्तरित राहिला.

३. पालथे की उताणे?

याचे अर्धे उत्तर आधीच समोर आले होते. १९४४ मध्ये न्यूयॉर्कचे हॅरल्ड अब्रॅमसन यांनी गुदमरून मृत झालेल्या बाळांपैकी बहुसंख्य पालथी आढळल्याचे नोंदवले होते. पण त्यांचे म्हणणे मागे पडले. पालथ्या बाळाला उलटी घशात अडकणार नाही, ते शांत झोपेल, असे तर्क प्रबळ ठरले. बेंजामिन स्पॉक यांच्या लाखो घरांत पोहोचलेल्या बालसंगोपनाच्या पुस्तकाने १९५० च्या दशकातील आवृत्तीपासून पालथे निजवण्याची शिफारस केली. रुग्णालयांनी तीच पद्धत उचलली. १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये हा सल्ला रूढ झाला आणि त्यापाठोपाठ तेथील आकस्मिक मृत्यू वाढले.

याउलट १९८५ मध्ये हाँगकाँगहून आलेल्या एका अहवालाने सांगितले, की दाट वस्तीच्या त्या शहरात असे मृत्यू दुर्मीळ आहेत. तेथे बाळांना उताणे निजवण्याची परंपरा होती.

निर्णायक पुरावा इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसरातून आला. पीटर फ्लेमिंग व सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात अचानक मृत झालेल्या ७२ बाळांची तुलना १४४ निरोगी बाळांशी केली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते : पालथ्या बाळांना आठपटींहून अधिक धोका होता. मृत बाळे अधिक जाड कपड्या-पांघरुणांत गुंडाळलेली होती. त्यांच्या खोलीत रात्रभर उष्णतायंत्र चालू असण्याचे प्रमाणही जास्त होते.

येथे हिवाळ्याच्या कोड्याचा एक धागा सापडला. बाळ आपली बरीच उष्णता डोक्यावाटे आणि चेहऱ्यावाटे बाहेर टाकते. ते पालथे असेल, तोंड गादीत असेल आणि वर जाड पांघरूण असेल, तर उष्णता अडकते आणि सोडलेलाच श्वास पुन्हा आत जातो. थंडीपासून वाचवण्यासाठी केलेली तजवीजच घातक ठरत होती.

४. सल्ला बदलतो

नेदरलँड्सने १९८७ मध्ये, न्यूझीलंड व ब्रिटन यांनी १९९१ मध्ये बाळ पालथे न निजवण्याची मोहीम घेतली. ब्रिटनमध्ये आपले बाळ गमावलेल्या दूरचित्रवाणी निवेदिका ॲन डायमंड यांनी मोहिमेसाठी जोर लावला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये सल्ला बदलला. सुरुवातीला कुशीवर निजवणेही चालेल असे म्हटले होते, पण कुशीवरचे बाळ सहज पालथे पडते हे दिसल्यावर उताणी स्थितीच योग्य ठरवली गेली. ब्रिटनमध्ये काही वर्षांतच हे मृत्यू निम्म्याहून कमी झाले आणि हिवाळ्यातील वाढही बरीच ओसरली.

२००५ मध्ये रूथ गिल्बर्ट व सहकाऱ्यांनी जुने पुरावे पुन्हा एकत्र मांडले. पालथे निजवणे घातक आहे हे १९७० पर्यंतच्या अभ्यासांवरूनच ओळखता आले असते, असे त्यांना आढळले. तसे झाले असते तर ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान पन्नास हजार बाळे वाचू शकली असती, असा त्यांचा अंदाज होता. ज्या आयांनी डॉक्टरांचे शब्दशः ऐकले, त्यांच्याच पदरी हे दुःख आले.

५. आजच्या घरासाठी बोध

दोन्ही इतिहास एकत्र वाचले की वरवर परस्परविरोधी वाटणारे सल्ले जुळतात. पहिल्या काही दिवसांत, विशेषतः कमी वजनाच्या बाळासाठी, थंडी हा मुख्य शत्रू आहे. तेव्हा जागी असलेल्या आईच्या छातीशी त्वचास्पर्श, कोरडे अंग, टोपडे आणि वारंवार स्तनपान हवे. पुढच्या महिन्यांत निरोगी बाळाला घरात झोपताना मोठ्यांपेक्षा साधारण एखादाच थर जास्त पुरतो. डोके व चेहरा उघडा, गादी कडक व सपाट, आसपास उशी, लोड किंवा सैल गोधडी नाही आणि बाळ उताणे, ही त्याची सुरक्षित झोप. बाळाला ऊब मिळते का, हे गार लागणाऱ्या हातांवरून न ठरवता मान किंवा छातीला हात लावून पाहावे. तेथे घाम असेल तर एक थर कमी करावा. बाळ स्वतःहून दोन्ही बाजूंना वळू लागले, की झोपेत पालथे पडल्यास त्याला सारखे उलटत बसण्याची गरज नसते. निजवताना मात्र उताणेच निजवावे.

शेगडीबाबत वेगळी दक्षता हवी. बंद खोलीत पेटत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो बाळाइतकाच बाळंतिणीचाही जीव घेतो. धुरी आणि तंबाखूचा धूर बाळाच्या श्वासासाठी घातकच आहे. घरातील धूम्रपानाने आकस्मिक मृत्यूचा धोका वाढतो, हे न्यूझीलंडच्या अभ्यासातही दिसले होते.

समारोप

या इतिहासात आजीचे शहाणपण सर्वस्वी चूक ठरले नाही आणि तज्ज्ञांचे पुस्तक सर्वस्वी बरोबर ठरले नाही. हाँगकाँगच्या आयांची जुनी सवय योग्य होती, तर पाश्चात्त्य पुस्तकांचा आत्मविश्वासाने दिलेला सल्ला घातक होता. गडचिरोलीत ज्या उबेने बाळे वाचवली, तिचाच अतिरेक ब्रिस्टलच्या बाळांना बाधला. सल्ला कोणी दिला यापेक्षा तो मोजून पाहिला का, आणि तो कोणत्या वयाच्या बाळासाठी आहे, हे दोन प्रश्न विचारणे हाच या पाठाचा सारांश आहे.

विचारासाठी प्रश्न

१. १९४४ चा इशारा दुर्लक्षित राहण्याची कारणे कोणती असावीत?
२. आपल्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांशी बोलून थंडीत बाळाला निजवण्याच्या पद्धती नोंदवा. त्यांतील कोणत्या पद्धती नवजातासाठी उपयुक्त आणि कोणत्या मोठ्या बाळासाठी धोक्याच्या आहेत?