नोटेचा साचा आणि क्लाउडचा साचा : नाशिकपासून सुरू होणारी एक गोष्ट (धागा)

१/
सुमारे सात दशके भारताची टपाल तिकिटे लंडनच्या दे ला रू कंपनीकडून छापून येत असत. चलनी नोटांची छपाईही इंग्लंडमध्येच होई. १९२५ साली नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस उभा राहिला, १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस आला आणि १९३२ पर्यंत भारताच्या सर्व मूल्यांच्या नोटा नाशिकला छापल्या जाऊ लागल्या.

२/
या छापखान्यापुढचा मूळ प्रश्न असा होता : लाखो प्रती तंतोतंत सारख्या कशा काढायच्या आणि त्या सारख्या आहेत याची खात्री कशी द्यायची? ऐंशी वर्षांनी हाच प्रश्न संगणकाच्या जगाला पडला. त्याचे उत्तर म्हणजे कोडच्या साठ्यातून आपोआप उभा राहणारा क्लाउड. त्या उत्तराचा हा इतिहास.

३/
मौल्यवान छपाईचा एक जुना दंडक आहे. सदोष नोट हाताने दुरुस्त करीत नाहीत. तो कागद बाद होतो, त्याची मोजदाद होते आणि तो नष्ट केला जातो. दोष साच्यात असेल तर साचा सुधारतात आणि पुन्हा छापतात. प्रत कितीही देखणी असली तरी प्रमाण मानायचा तो साचाच.

४/
संगणकाच्या जगात दीर्घकाळ याच्या उलट रीत होती. सर्व्हर म्हणजे कुणीतरी हाताने बसवलेले यंत्र. व्यवस्थापक त्यात शिरून प्रणाली बसवी, फाइली बदली, पोर्ट उघडी. दोन-तीन वर्षांत त्या यंत्रावर इतके हात फिरलेले असत की त्याच्यासारखे दुसरे उभे करणे कुणालाच जमत नसे. कोणता बदल का केला, हे एखाद्याच माणसाच्या स्मरणात राही. तो नोकरी सोडून गेला की ते ज्ञानही त्याच्याबरोबर जाई. घटना घडल्या, पण कागद उरला नाही, अशी ही अवस्था होती.

५/
१९९३ साली ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन ही प्रणाली लिहिली. यंत्र कोणत्या स्थितीत असावे हे एका फाइलीत लिहायचे आणि प्रणालीने प्रत्येक यंत्र त्या स्थितीला आणायचे, ही तिची कल्पना. हाताचे काम मजकुरात उतरले.

६/
२००५ हे वर्ष या इतिहासात विशेष ठरते. ल्यूक केनिस यांचे पपेट त्याच वर्षी आले. एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कोडसाठी गिट लिहायला घेतले. आणि त्याच वर्षी पीयूष सोमाणी यांनी ईएसडीएस ही कंपनी स्थापन केली, जिचे मुख्यालय आणि डेटा सेंटर नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत आहे.

७/
ऑगस्ट २००६ मध्ये ॲमेझॉनने ईसी२ ही सेवा चाचणीसाठी खुली केली. आता सर्व्हर मिळवायला यंत्र विकत घ्यावे लागत नव्हते, प्रोग्रॅममधून मागणी केली की पुरे. वरवर ही केवळ सोय दिसते. पण जी गोष्ट शब्दांत मागता येते ती लिहून ठेवता येते आणि जी लिहून ठेवता येते ती पुन्हा जशीच्या तशी मागता येते. पुढचे सारे या एका पायरीवर उभे आहे.

८/
नाशिकच्या ईएसडीएसने याच प्रवाहात एनलाइट ही क्लाउड प्रणाली तयार केली. चालू सर्व्हरवरचा भार पाहून त्याची प्रक्रियाशक्ती आणि मेमरी आपोआप वाढवायची, भार ओसरला की कमी करायची, हे तिचे वैशिष्ट्य. या पद्धतीला अमेरिका आणि ब्रिटनमध्ये पेटंट मिळाले. यंत्रावरचा माणसाचा हात निघण्याच्या प्रक्रियेतला हा नाशिकचा वाटा.

९/
२०११ मध्ये ॲमेझॉनचे क्लाउडफॉर्मेशन आले आणि २०१४ मध्ये मिचेल हाशिमोतो व अरमॉन दादगर यांच्या हॅशिकॉर्पने टेराफॉर्म प्रसिद्ध केले. यांच्या फाइलीत कृतींची यादी नसते, अपेक्षित चित्र असते : 'मुंबईत तीन सर्व्हर, एक डेटाबेस, बाहेरून फक्त ४४३ क्रमांकाचे पोर्ट उघडे.' आज काय अस्तित्वात आहे आणि काय हवे आहे, यांतला फरक प्रणाली स्वतः शोधते. ॲमेझॉनची डेटा सेंटर्स जून २०१६ पासून मुंबईत आहेत, म्हणून फाइलीत 'मुंबई' लिहिणे आज शक्य आहे.

१०/
ही फाइल गिटच्या रिपॉझिटरीत राहते आणि तिथून पाइपलाइन सुरू होते. एखाद्याला चौथा सर्व्हर हवा असेल तर तो वेगळ्या शाखेत फाइलीतला एक आकडा बदलतो आणि बदल मुख्य शाखेत घेण्याची विनंती करतो. पाइपलाइन लगेच फाइल तपासते आणि एक आराखडा मांडते : काय नव्याने बांधले जाईल, काय बदलेल, काय नष्ट होईल. दुसरा सहकारी तो आराखडा वाचतो. 'नष्ट' या शब्दासमोर डेटाबेसचे नाव दिसले, तर काम तिथेच थांबते.

११/
मंजुरी मिळाली की बदल मुख्य शाखेत येतो आणि पाइपलाइन स्वतः क्लाउडशी बोलून सर्व्हर उभा करते. काय काय उभे आहे याची नोंद एका वेगळ्या स्थिती-फाइलीत होते. दोन जणांनी एकाच वेळी बदल करू नये म्हणून त्या काळात तिला कुलूप असते. पासवर्ड आणि किल्ल्या मात्र रिपॉझिटरीत कधीच ठेवायच्या नसतात. त्यांची तिजोरी वेगळी.

१२/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला या रिपॉझिटरीत दफ्तर दिसेल. प्रत्येक बदलाला तारीख, करणाऱ्याचे नाव आणि कारण. पेशवे दफ्तरातला कागद जसा कोणता हुकूम कुणी, कधी दिला ते सांगतो, तसेच हे. फरक एवढाच की या दफ्तरातला जुना कागद पुन्हा लागू केला, तर गेल्या महिन्यातली रचना पुन्हा उभी राहते.

१३/
दफ्तर नसले तर काय होते? १ ऑगस्ट २०१२. नाइट कॅपिटल या दलाली कंपनीने नवा कोड आठ सर्व्हरवर हाताने चढवला होता. त्यांतला एक राहून गेला. दुसऱ्या कुणी तपासावे असा लेखी नियमच नव्हता. त्या आठव्या सर्व्हरवरचा जुना, विसरलेला कोड जागा झाला. ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले. घाईत कर्मचाऱ्यांनी उरलेल्या सात सर्व्हरवरचा योग्य कोडच काढून टाकला आणि संकट वाढले. तोटा ४६ कोटी डॉलरहून अधिक.

१४/
मग सारे आपोआप केले की भय संपले का? १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभरातल्या यंत्रांवर आपोआप पोहोचली. ती ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, तरी सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. त्या दिवशी भारतातल्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

१५/
या दोन घटना एकत्र वाचायला हव्यात. पहिलीत एक प्रत साच्याबाहेर राहिली. दुसरीत चूक मूळ फाइलीतच होती आणि ती प्रत्येक प्रतीत उमटली. हाताची चूक एका यंत्रापुरती असू शकते, साच्याची चूक सर्वत्र छापली जाते. म्हणूनच छापखान्यात साच्याइतकेच महत्त्व प्रुफाला, तपासनिसाला आणि कुलूपबंद खोलीला असते.

१६/
पाइपलाइनमध्येही तीच माणसे वेगळ्या वेषात आहेत. बदल आधी चाचणीच्या रचनेत उभा होतो. मग तो थोड्या यंत्रांवर जातो आणि काही काळ बिघाड दिसला नाही तरच सर्वत्र पसरतो. लिहिणारा आणि मंजुरी देणारा एकच नसतो. ज्या ठिकाणी घाईपोटी हे टप्पे गाळले जातात, तिथे केवळ चूक वेगाने पसरवण्याची सोय झालेली असते.

१७/
आणखी एक मोह असतो. रात्री दोन वाजता सेवा बंद पडली की अभियंता थेट सर्व्हरवर जाऊन हाताने दुरुस्ती करतो. सकाळी सारे सुरळीत दिसते, पण कोड एक सांगतो आणि यंत्र दुसरेच असते. या तफावतीला 'ड्रिफ्ट' म्हणतात. पाइपलाइन पुढच्या वेळी चालली की ती दुरुस्ती पुसली जाऊ शकते. म्हणून हातची दुरुस्ती सकाळी कोडमध्ये लिहिणे हा या व्यवसायाचा पहिला संस्कार.

१८/
शेवटचा प्रश्न मालकीचा. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने टेराफॉर्मचा मुक्त परवाना बदलून निर्बंध घातले. असंख्य संस्थांची सारी रचना त्याच भाषेत लिहिलेली होती. नाराज विकासकांनी आधीच्या मुक्त कोडवरून ओपनटोफू ही वेगळी शाखा काढली. ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेली.

१९/
एका अर्थाने हा १९२५ चाच प्रश्न आहे : साचे कुणाच्या तिजोरीत असावेत? तिकिटे आपली, पण प्लेटी लंडनला, ही स्थिती नाशिकरोडच्या छापखान्याने संपवली. आज नाशिकच्या एका टोकाला तो छापखाना चालू आहे आणि दुसऱ्या टोकाला सातपूरमध्ये सर्व्हर चालू आहेत. दोन्हीकडे प्रती सतत बदलत राहतात. जपायचा असतो तो साचा आणि तो कुणी, कधी, का बदलला याची नोंद.

(धागा समाप्त)