चित्रपटाचा खरा पाठ

जुन्या पोथ्या, नाणीं किंवा ताम्रपट जमविणाऱ्या गृहस्थाविषयीं आदरानें बोलण्याची आपल्याकडे चाल आहे. दप्तराचे रुमाल धुंडाळीत कोणी गांवोगांव हिंडला, तर त्याच्या पायपिटीला आपण इतिहाससेवा म्हणतों. परंतु तोच गृहस्थ जुन्या चित्रपटांच्या तबकड्या परदेशांतून मागवून कपाटांत अनुक्रमानें लावूं लागला, तर घरचीं माणसें त्याला छांदिष्ट ठरवितात. आणि 'जो चित्रपट घरबसल्या चार पैशांत पाहावयास मिळतो, त्याच्या एका तबकडीसाठीं इतके रुपये कां मोजावयाचे?' असा रोकडा सवाल करतात. प्रस्तुत लेखक या छांदिष्टांपैकींच एक असल्यामुळें हा सवाल त्यानें पुष्कळदां ऐकला आहे. सवाल गैरवाजवी नाहीं. पण त्याचें उत्तर हौसेच्या भाषेंत देऊन भागत नाहीं. तें इतिहासाच्या भाषेंतच द्यावें लागतें.

चित्रपट हा आपण समजतों तितका स्थिर ग्रंथ नाहीं. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपट ज्या नायट्रेटच्या पट्टीवर छापले जात, ती एकदां पेटली म्हणजे पाण्याखालींहि विझत नाहीं. आणि न पेटली तरी कालांतरानें चिकट होऊन शेवटीं तिची भुकटी होते. निर्मात्यांच्या लेखीं चित्रगृहांतून उतरलेला चित्रपट म्हणजे विकून झालेला माल. कित्येक पट्ट्या तर त्यांतील चांदी काढून घेण्यासाठीं नष्ट करण्यांत आल्या. जे चित्रपट वांचले, त्यांच्यावर नीतिरक्षकांची कात्री, वितरकांची काटकसर आणि दूरचित्रवाणीची अरुंद चौकट यांचे संस्कार झाले. १९३३ चा 'किंग काँग' १९३८ त पुन्हां दाखविण्यांत आला तेव्हां त्यांतील कांहीं दृश्यें कापण्यांत आलीं, आणि पुढें तीसएक वर्षें प्रेक्षकांनीं तो खंडित पाठच पूर्ण समजून पाहिला.

शेंकडों हस्तलिखितांची तुलना करून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची जी चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, तिचें महत्त्व मराठी वाचकांस सांगावयास नको. कोणती प्रत अधिक प्रमाण? कोणता भाग मागाहून घुसला? कोणता गळला? हेच प्रश्न चित्रपटालाहि लागू पडतात. चित्रपटसंग्रहालयांतील जाणकारांना ते पूर्वींच ठाऊक होते. परंतु सामान्य प्रेक्षकाच्या दिवाणखान्यांत ते प्रश्न आणले, ते गेल्या चाळीस वर्षांत अमेरिकेंत व युरोपांत उदयास आलेल्या कांहीं छोट्या प्रकाशनसंस्थांनीं. त्यांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

या इतिहासाचा आरंभ १९८४ सालीं धरणें योग्य होईल. त्या वर्षीं अमेरिकेंत रॉबर्ट स्टाइन, अलीन स्टाइन प्रभृतींनीं 'क्रायटेरियन कलेक्शन' ही संस्था काढली. तिला लौकरच 'जेनस फिल्म्स' या जुन्या वितरणसंस्थेची जोड मिळाली. १९५६ त स्थापन झालेल्या जेनसनें बर्गमन, फेलिनी, कुरोसावा यांच्या कृति अमेरिकेंतील लहान चित्रगृहांत व महाविद्यालयांत पोंचविल्या होत्या. नव्या संस्थेनें पहिल्या प्रथम 'सिटिझन केन' व 'किंग काँग' हे दोन चित्रपट लेसर डिस्क नांवाच्या तबकडीवर प्रसिद्ध केले. ही तबकडी सुमारें एक फूट व्यासाची असे. उत्तम पद्धतीनें मुद्रण केल्यास तिच्या एका बाजूवर अवघा अर्धा तास मावे. पण त्या अर्ध्या तासांतील ५४,००० चित्रांपैकीं प्रत्येकास क्रमांक असे, आणि पुस्तकाचें पान उघडावें तसें हवें तें चित्र उघडून स्थिर ठेवतां येई. चित्रपट हा एकदां पाहून विसरण्याचा देखावा नसून पानें मागें-पुढें उलटून अभ्यासण्याचा ग्रंथ आहे, ही कल्पना या यंत्रानें घरोघर नेली.

त्या तबकडीवर ध्वनीचे दोन स्वतंत्र मार्ग होते. एका मार्गावर मूळ संवाद ठेवून दुसऱ्या मार्गावर काय ठेवावें? 'किंग काँग'च्या वेळीं त्या जागीं रोनल्ड हेव्हर यांना बसविण्यांत आलें. लॉस अँजेलिसच्या कलासंग्रहालयांत चित्रपटविभाग सांभाळणारे हे गृहस्थ. १९५४ च्या 'अ स्टार इज बॉर्न'मधील गळालेले भाग शोधून १९८३ त तो चित्रपट पुन्हां उभा करण्याचें श्रेय त्यांचेंच. पडद्यावर काँग गर्जना करीत असतां हेव्हर शांतपणें सांगूं लागले कीं, हें दृश्य कसें घेतलें, पुतळा इंचाइंचानें कसा हलविला, अमुक भाग कोठें कापला गेला होता. आपल्याकडे मूळ श्लोकाखालीं टीका छापावी, तशी ही चित्रपटाखालची पहिली चालती टीका होय. आज ही पद्धति इतकी रुळली आहे कीं तिलाहि कोणी जन्म दिला असेल, हें ध्यानांत येत नाहीं.

याच संग्रहांतील आठव्या चित्रपटानें दुसरा पायंडा पाडला. 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' हा १९५६ चा चित्रपट रुंद पडद्यासाठीं होता. त्याची रुंदी उंचीच्या दुप्पट. दूरचित्रवाणीची चौकट जवळजवळ चौरस. ती भरून काढावयाची म्हणजे चित्राचा एक-तृतीयांश भाग कडेला फेंकून द्यावयाचा, आणि तसें करण्याचा तेव्हां सर्रास प्रघात होता. क्रायटेरियननें वर-खालीं काळे पट्टे सोडून संपूर्ण चित्र दाखविलें. अशा पट्ट्यांविषयीं 'पैसे पूर्ण घेऊन चित्र अर्धेंच कां?' अशी तक्रार ग्राहक पुढें कित्येक वर्षें करीत राहिले. वस्तुतः त्यांना आजवर जें कधींच मिळालें नव्हतें, तें आतां मिळूं लागलें होतें.

परंतु पाठशोधनाचें खरें मोल दिसून आलें तें झाँ रन्वार यांच्या 'ला ग्रांद इल्यूझियों'च्या बाबतींत. युद्धकैद्यांवरील हा १९३७ चा फ्रेंच चित्रपट नाझींना अत्यंत अप्रिय होता. १९४० त जर्मनांनीं पॅरिस घेतल्यावर त्याची मूळ निगेटिव्ह बर्लिनला गेली. १९४५ नंतर ती रशियनांच्या हातीं पडून मॉस्कोस पोंचली. इकडे ती कायमची नष्ट झाली असें समजून खुद्द रन्वार यांनीं उपलब्ध प्रतींवरून १९५८ त चित्रपटाची पुनर्जुळणी केली. पुढें देवघेवींत कांहीं फ्रेंच चित्रपट मॉस्कोहून तुलूज येथील संग्रहालयास परत आले, त्यांत ती निगेटिव्हहि आली. पण आपल्याकडे काय आलें आहे याचा पत्ता १९९० नंतर लागला. क्रायटेरियननें १९९८ त लहान डीव्हीडी तबकड्यांची नवी माला आरंभिली, तेव्हां पहिला क्रमांक याच चित्रपटासाठीं योजिला होता. निगेटिव्हची वार्ता कळतांच तयार होत आलेली आवृत्ति थांबविण्यांत आली. दुसऱ्या क्रमांकाचा 'सेव्हन सामुराई' आधीं बाजारांत गेला, आणि पहिला क्रमांक १९९९ त मागाहून आला. संग्राहकांच्या फळीवर जो '१' हा आंकडा दिसतो, त्याच्यामागें एवढा प्रवास आहे. व्यापाराच्या दृष्टीनें हा विलंब म्हणजे नुकसानच. पण मूळ पोथी सांपडली असतां नकलेवरून ग्रंथ छापणार नाहीं, असें म्हणणारा प्रकाशक विरळा.

येथवर उल्लेखिलेल्या बहुतेक कृतींची प्रतिष्ठा सर्वमान्य आहे. परंतु या चळवळीचें दुसरें अंगहि तितकेंच लक्षणीय आहे. ज्यांना शिष्टांनीं दारांत उभें केलें नाहीं, पण ज्यांच्याभोंवतीं एखाद्या पंथासारखा भक्तसमुदाय जमला, असे चित्रपट. जॉर्ज रोमेरो यांचा १९६८ चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा त्यांचा मेरुमणि. पिट्सबर्गच्या आसपास अल्प भांडवलावर काढलेल्या या भयपटाचें नांव वितरकानें ऐन वेळीं बदललें. नव्या नामपट्टींत स्वामित्वहक्काची सूचना घालावयाची राहून गेली. आणि तत्कालीन अमेरिकन कायद्याप्रमाणें चित्रपट बेवारशी ठरला. मग काय! ज्याला वाटेल त्यानें नकलेची नक्कल काढून विकावी, असें चाललें. चित्रपटाची कीर्ति वाढत गेली आणि चेहरा काळवंडत गेला. शेवटीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें मूळ निगेटिव्हवरून, रोमेरो यांच्या देखरेखीखालीं, २०१६ त त्याचा जीर्णोद्धार केला. रोमेरो २०१७ त वारले. २०१८ त ती शुद्ध आवृत्ति तबकडीवर निघाली. २०१२ त निघालेल्या एका अमेरिकन संस्थेनें तर अशा उपेक्षित, कित्येकदां सदभिरुचीस न रुचणाऱ्या चित्रपटांचाच वसा घेतला, आणि आपलें नांव 'व्हिनेगर सिंड्रोम' ठेवलें. असिटेटची पट्टी कुजूं लागली म्हणजे तिला शिरक्यासारखा आंबट वास येतो. त्या रोगाचेंच हें नांव!

आपल्या देशाशीं या इतिहासाचा अत्यंत हृद्य संबंध येतो तो सत्यजित राय यांच्यामुळें. 'पथेर पांचाली', 'अपराजितो' व 'अपूर संसार' यांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ त लंडनमधील हेंडरसन प्रयोगशाळेच्या आगींत सांपडल्या. जळके, वितळून एकमेकांस चिकटलेले ते अवशेष फेंकून न देतां अमेरिकेंतील ऑस्कर अकादमीनें जपून ठेवले. वीस वर्षांनीं क्रायटेरियननें ते बाहेर काढविले. इटलींतील बोलोन्या येथील कारागिरांनीं ठिसूळ पट्ट्यांना रसायनांच्या योगें पुन्हां लवचिकपणा आणला, तुकडे हातानें सांधले. आणि 'पथेर पांचाली'चा सुमारें ४० टक्के व 'अपराजितो'चा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरूनच परत मिळविला. तिसऱ्या चित्रपटास मात्र इतर प्रतींचाच आधार घ्यावा लागला. २०१५ त तो संच निघाला. काशाच्या रानांतून आगगाडी पाहावयास धांवणारीं तीं दोन मुलें पुन्हां स्वच्छ दिसलीं, तेव्हां संग्राहकाच्या हौसेनें तबकडीस पुरविलेल्या पैशाचें सार्थक झालें, असें कोण म्हणणार नाहीं?

आतां आक्षेपांचा विचार करूं. संपादकाच्या हातून पाठ बिघडण्याचेंहि भय असतें, आणि कित्येकदां तो बिघडविणारा स्वतः कविच असतो. हाँगकाँगचे वाँग कार-वाई यांनीं २०२१ च्या संचासाठीं आपल्या चित्रपटांचे रंग बदलले. 'फॉलन एंजल्स'ची तर चौकटच पालटली. उतारवयांत कवीनें आपली तरुणपणची कविता सुधारली, तर प्रमाण कोणती मानावी? या वादाचा निकाल लागणार नाहीं. परंतु ज्याच्या कपाटांत जुनी तबकडी आहे, त्याच्याजवळ पूर्वींचा पाठ शिल्लक आहे. पाठभेद जतन करणें हें कार्य संग्राहकांच्या हातून असें नकळत घडतें.

दुसरा आक्षेप असा कीं, आंतरजालावर सर्व कांहीं मिळत असतां संग्रह कशास? याचें उत्तर अनुभवानेंच दिलें आहे. अभिजात चित्रपटांना वाहिलेली 'फिल्मस्ट्रक' ही सेवा २०१६ त निघाली आणि २०१८ च्या नोव्हेंबरांत मालकांनीं ती बंद केली. वर्गणीदारांच्या हातीं कांहींच उरलें नाहीं. उसनी घेतलेली पोथी मालक केव्हांहि परत मागूं शकतो.

तिसरा आक्षेप मात्र संग्राहकाचा गर्व उतरविणारा आहे. तबकडीहि अमर नाहीं. १९८४ च्या त्या थोर तबकड्यांतील कित्येकींच्या थरांत आज हवा शिरून धातु गंजला आहे. त्या वाजविणारीं यंत्रें बनविण्याचें काम २००९ त संपलें. पाठीवरचे क्रमांक जुळविण्यांत दंग झालेला गृहस्थ पुष्कळदां हें विसरतो कीं, त्याच्याजवळ आहे ती छापील आवृत्ति. पोथी दुसरीकडेच आहे. तुलूजच्या कोठारांत कोणी डबे सांभाळले नसते, अमेरिकेंत कोणी जळके तुकडे जपले नसते, तर प्रकाशकानें काय छापलें असतें?

आणि येथेंच आपली लाज झांकतां येत नाहीं. हिंदुस्थानांत सुमारें तेराशें मूकपट निघाले; त्यांतले हातांच्या व पायांच्या बोटांवर मोजण्याइतकेच कांहीं उरले आहेत. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'च्या चार रिळांपैकीं पहिलें व शेवटचें तेवढें वांचलें. १९३१ चा 'आलमआरा' तर समूळ गेला. जें वांचलें, त्यांतलें पुष्कळसें पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत १९६५ पासून राबणाऱ्या पी. के. नायर यांच्या चिकाटीमुळें. त्या नायरांवर २०१२ त 'सेल्युलॉइड मॅन' हा चरित्रपट निघाला, आणि त्याची सुबक तबकडी काढली ती लंडनच्या 'सेकंड रन' या एका छोट्या संस्थेनें! माझ्या कपाटांत ती आहे. तिच्या शेजारींच एका नामांकित मराठी बोलपटाची, येथेंच विकत घेतलेली तबकडी आहे. तिच्यावर प्रस्तावना नाहीं, टीका नाहीं. ती कोणत्या प्रतीवरून केली याचा उल्लेख नाहीं. आणि शेवटच्या प्रसंगांत ध्वनि इतका खरखरतो कीं शब्द ओळखावे लागतात.

त्या दोन तबकड्या शेजारीं शेजारीं ठेवण्यांत माझा कांहीं हेतु आहे. घरीं येणारा पाहुणा 'इतके रुपये कशाला?' असें विचारूं लागला, म्हणजे मी वाद घालीत नाहीं. प्रथम एक लावतों, मग दुसरी लावतों.