लिनक्सचा पेनड्राइव्ह लॅपटॉपवर चालू होईना? दुकानात नेण्याआधी घरीच हे तपासा

चांदवड : विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे कॉलेजच्या पोरांनी जुन्या बाजारात घेतलेले, चांगले चालणारे कितीतरी लॅपटॉप विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. अशा लॅपटॉपवर लिनक्स फुकटात टाकता येते. पण पहिल्याच पायरीवर गाडी अडते. पेनड्राइव्ह लावला, लॅपटॉप चालू केला, तरी समोर विंडोजच येते. बहुतेक वेळा लॅपटॉप खराब नसतो, पैसेही लागत नाहीत. क्रमाने तपासावे लागते, एवढेच.

सगळ्यात आधी डेटा

फोटो, प्रोजेक्ट, दाखले, हिशेबाच्या फायली दुसऱ्या ड्राइव्हवर काढून ठेवा. ज्या पेनड्राइव्हवर लिनक्स लिहायचे तो पूर्ण पुसला जातो, हेही लक्षात असू द्या. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये बदल केल्यावर विंडोज ती मागू शकते. की नसेल तर डेटा कुलूपबंद होतो आणि तो कोणालाच उघडता येत नाही.

दोष पेनड्राइव्हचा की लॅपटॉपचा?

विहिरीवरची मोटर चालू झाली नाही तर आपण आधी लाईट बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर. मोटर लगेच बाहेर काढत नाही. इथेही तसेच करा. तोच पेनड्राइव्ह मित्राच्या लॅपटॉपला लावून बघा. तिथे लिनक्सचा मेनू आला तर पेनड्राइव्ह ठीक आहे, अडचण आपल्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये आहे. तिथेही नाही आला तर आधी पेनड्राइव्हकडेच बघा.

पेनड्राइव्हचे दोष

१. फाईल नुसती कॉपी केली : आयएसओ फाईल कॉपी-पेस्ट केल्याने पेनड्राइव्ह बूट होत नाही. रूफस किंवा बलेना एचर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने ती लिहावी लागते. लिहून झाल्यावर विंडोज कधीकधी 'डिस्क फॉरमॅट करा' असे विचारते. तेव्हा 'कॅन्सल'च दाबा. फॉरमॅट केले तर लिहिलेले सगळे जाते.

२. डाऊनलोड अर्धवट : लिनक्स मिंटची फाईल जवळपास ३ जीबीची असते, उबंटूची त्याहून मोठी. मोबाईलच्या रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर डाऊनलोड मध्येच तुटते आणि फाईल बिघडते. संकेतस्थळावर फाईलसोबत एसएचए-२५६ हा लांबलचक आकडा दिलेला असतो. सेव्हन-झिप टाकलेले असेल तर फाईलवर राइट क्लिक करून तोच आकडा काढता येतो. दोन्ही आकडे अक्षरन् अक्षर जुळले पाहिजेत. नेट वारंवार तुटत असेल तर टॉरेंटने उतरवा. त्यात प्रत्येक तुकडा आपोआप तपासला जातो आणि राहिलेले काम दुसऱ्या दिवशी पुढे चालू होते.

३. ३२ की ६४ बिट : 'या कर्नलला एक्स८६-६४ प्रोसेसर लागतो' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला तर लॅपटॉप ३२ बिटचा आहे. लिनक्स मिंटची मुख्य आवृत्ती २० पासून फक्त ६४ बिटमध्ये येते. अशा जुन्या मशिनसाठी डेबियन १२ ची ३२ बिट आवृत्ती घ्यावी.

४. पेनड्राइव्हच खोटा : स्वस्तातल्या काही पेनड्राइव्हवर ६४ जीबी लिहिलेले असते, आत जागा फार कमी असते. एचर लिहून झाल्यावर पडताळणी करते. तिथे चूक दाखवली तर पेनड्राइव्ह बदला. चांगला ८ जीबीचा पुरतो.

लॅपटॉपचे दोष

१. बूट मेनूची कळ : चालू करण्याचे बटण दाबताच ही कळ भराभर दाबत राहा. डेल, लेनोवो आणि एसरला बहुधा एफ-१२, एचपीला एस्केप व मग एफ-९, असुसला एस्केप. लेनोवोच्या काही मॉडेलना बाजूला बारीक छिद्र असते. लॅपटॉप बंद असताना त्यात पिन दाबली की मेनू येतो. एसरच्या बऱ्याच मॉडेलमध्ये एफ-२ दाबून बायोसमध्ये 'एफ-१२ बूट मेनू' आधी चालू करावा लागतो.

२. फास्ट स्टार्टअप : विंडोजमध्ये 'शट डाऊन' केल्यावर लॅपटॉप पूर्ण बंद होत नाही. म्हणून शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडा आणि 'यूज अ डिव्हाइस'मधून पेनड्राइव्ह घ्या. कळ शोधायची गरजच पडत नाही.

३. सिक्युअर बूट : 'सिक्युरिटी व्हायोलेशन' किंवा 'व्हेरिफिकेशन फेल्ड' असे आले तर अडचण इथे आहे. ऑगस्ट २०२४ मधील विंडोज अपडेटनंतर जुन्या लिनक्स आवृत्त्या असा संदेश देऊन थांबल्याची उदाहरणे आहेत. आधी लिनक्सची नवी आवृत्ती उतरवून बघा. तरीही अडले तर बायोसमध्ये सिक्युअर बूट तात्पुरते बंद करा.

४. यूईएफआय की लेगसी : साधारण २०१२ आधीचे लॅपटॉप लेगसी पद्धतीने, नंतरचे बहुतेक यूईएफआयने चालू होतात. रूफसमध्ये जुन्यासाठी एमबीआर, नव्यासाठी जीपीटी निवडा. तरी जमेना तर रूफस लिहिताना विचारतो तेव्हा 'डीडी मोड' घेऊन पुन्हा लिहा.

५. पोर्ट : हब काढा, पेनड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावा. एका पोर्टवर दिसला नाही तर दुसऱ्यावर लावा.

मेनू आला, पण पुढे अडले

मेनूनंतर स्क्रीन काळी पडली तर ग्राफिक्सची अडचण असते. मिंटमध्ये 'कम्पॅटिबिलिटी मोड', उबंटूमध्ये 'सेफ ग्राफिक्स' निवडा. लिनक्स चालू झाले, पण आतली हार्ड डिस्क दिसत नसेल, तर बायोसमध्ये इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी चालू आहे का बघा. ते बदलून एएचसीआय करता येते, पण त्याने जुनी विंडोज चालू होणे थांबू शकते. विंडोजही ठेवायची असेल तर हा बदल जाणकाराला विचारूनच करा.

इन्स्टॉल करण्याआधी

पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू झाले की लगेच 'इन्स्टॉल' दाबू नका. आधी तसेच वापरून वायफाय, आवाज, कॅमेरा आणि मराठी टायपिंग बघा. 'इरेज डिस्क' या पर्यायाने विंडोजसकट सगळे पुसले जाते. इन्स्टॉल चालू असताना लॅपटॉप बंद पडता कामा नये. बॅटरी पूर्ण चार्ज ठेवा आणि लाईट जाण्याची वेळ बघूनच काम सुरू करा. डिजिटल सहीचे काही टोकन आणि हिशेबाचे काही सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात. ज्यांचे काम त्यावर आहे, त्यांनी विंडोज काढण्याआधी खात्री करून घ्यावी.