‘असूनही’चा इतिहास : अहमदनगर, भय आणि वाङ्मयीन पूर्वग्रह

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा परिचय करून देताना मराठी अभ्यासक आणि वक्ते एक शब्दप्रयोग वारंवार करीत आले आहेत : ‘मुसलमान असूनही’. मुसलमान असूनही त्यांनी मराठीत ग्रंथरचना केली. मुसलमान असूनही ते संतपरंपरेत मान्यता पावले. या विधानांमागचा हेतू गौरवाचा असतो, याविषयी शंका नाही. प्रश्न हेतूचा नसून वाक्यरचनेचा आहे. नियम गृहीत धरल्याखेरीज अपवाद सांगता येत नाही. ‘असूनही’ म्हणताक्षणी एक अनुच्चारित नियम वाक्यात येऊन बसतो : मुसलमान माणूस स्वभावतःच या भाषेच्या, या भक्तीच्या आणि या भूमीच्या बाहेरचा असतो. शांततेच्या काळात हा नियम गौरवाच्या आड झाकलेला राहतो. समाजाला भयाने ग्रासले की गौरव गळून पडतो आणि नियम तेवढा उरतो. म्हणूनच पूर्वग्रहाच्या निरसनाचा विचार करताना ‘चांगल्या मुसलमानां’च्या उदाहरणांची यादी पुरेशी ठरत नाही. ती यादी ज्या व्याकरणात लिहिली जाते, त्याची तपासणी करावी लागते. अहमदनगर जिल्ह्याचा (२०२४ पासून अहिल्यानगर) वाङ्मयीन आणि राजकीय इतिहास या तपासणीला पुरेशी सामग्री देतो.

परक्याला दिलेली नावेही इतिहासात स्थिर राहिलेली नाहीत. ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठव्या ते चौदाव्या शतकांतील संस्कृत साधनांचा परामर्श घेऊन दाखवले, की आज ज्यांना सरसकट ‘मुसलमान’ म्हटले जाते त्यांचा निर्देश तेथे ताजिक, तुरुष्क, यवन, म्लेच्छ अशा निरनिराळ्या शब्दांनी होतो. ‘ताजिक’ म्हणजे अरब. ‘यवन’ हा शब्द तर मुळात ग्रीकांचा. प्रदेश, वंश आणि भाषा यांवरून पडलेली ही नावे पुढे एकाच धार्मिक नावात मिसळली गेली.

पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेल्या राष्ट्रकूटकालीन ताम्रपटांपैकी शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, पट या दृष्टीने उद्बोधक आहे. संयान, म्हणजे आजच्या संजाणच्या मंडलावर ताजिक वंशातील मधुमती नावाचा अधिकारी राष्ट्रकूटांच्या वतीने कारभार पाहत होता. ‘मधुमती’ हे ‘महंमद’चेच संस्कृत रूप. त्याने नदीनाल्यांवर नावांची सोय केली, अन्नछत्र चालवले, आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठिकेला इंद्र तिसरा या सम्राटाच्या संमतीने ग्रामदान दिले. ताम्रपट त्याचा ताजिक वंश लपवीत नाही, आणि त्याविषयी आश्चर्यही व्यक्त करीत नाही. दहाव्या शतकातल्या कोकणातील या लेखकाला ‘अरब असूनही’ म्हणण्याची गरज वाटली नाही, एवढी नोंद महत्त्वाची आहे.

यावरून पूर्वी सर्वत्र सलोखाच होता, असा निष्कर्ष काढणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. सतराव्या शतकातील ‘शिवभारत’ या संस्कृत महाकाव्याची साक्ष अधिक गुंतागुंतीची आहे. त्याचा कर्ता कवींद्र परमानंद नेवासकर, म्हणजे याच जिल्ह्यातील नेवाशाच्या नावाने ओळखला जाणारा. म्लेच्छांच्या भाराने त्रासलेल्या पृथ्वीच्या उद्धारासाठी झालेला अवतार, अशी त्याच्या शिवचरित्राची पौराणिक चौकट आहे. परंतु त्याच काव्यात मालोजींना शाह शरीफ या पिराच्या कृपेने पुत्र झाले आणि म्हणून त्यांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली गेली, अशी कथा येते. शाह शरीफांचा दर्गा अहमदनगरातच आहे. १६२४ साली नगरजवळ भातवडी येथे मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांचा पराभव केला. त्या युद्धाच्या वर्णनात हबशी मलिक अंबरचा पराक्रमही कवीने मोकळेपणाने गायिला आहे. अवताराच्या चौकटीत जो ‘म्लेच्छ’ आहे, तोच कुलकथेत आशीर्वाद देणारा सिद्ध आणि रणकथेत स्वपक्षाचा सेनानी ठरतो. एकाच संहितेत तीन परस्परविरोधी भूमिका नांदतात. पुढील काळातील वाचनाने त्यांपैकी बहुधा पहिलीच उचलली. संहिता जितके बोलते त्यापेक्षा कमी ऐकणे, हेही पूर्वग्रहाचे एक कार्य असते.

भय या प्रक्रियेत काय करते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण नगरच्या किल्ल्यात घडले. १५९५-९६ मध्ये शाहजादा मुरादच्या वेढ्याविरुद्ध चांदबिबीने हा किल्ला झुंजवला. वऱ्हाड सोडून तह झाला, पण राजधानी वाचली. १६०० साली मोगल फौजा पुन्हा भिंतीला भिडल्या. फिरिश्त्याच्या वृत्तांतानुसार, प्रतिकार आता अशक्य आहे असे ओळखून चांदबिबीने बाल सुलतानाच्या सुरक्षिततेच्या अटीवर किल्ला देण्याचा विचार बोलून दाखवला. तेव्हा एका सरदाराने ती शत्रूला फितूर झाल्याची हाकाटी पिटली, आणि जमाव तिच्या महालात घुसून तिचा वध करून मोकळा झाला. थोड्याच दिवसांत किल्ला पडला. येथे मारणारे आणि मरणारी एकाच राज्याचे होते, आणि वेढा घालणारेही मुसलमानच होते. म्हणजे ‘फितुरी’चा संशय हा धर्मभेदातून अटळपणे उपजत नाही. भयभीत समाजाला बाहेरचा बलाढ्य शत्रू आवाक्यात सापडत नाही. म्हणून तो आवाक्यातला शत्रू शोधतो, आणि ज्याच्या अंगी वेगळेपणाची एखादी खूण असेल त्याच्यावर त्याची दृष्टी स्थिरावते. चांदबिबीच्या बाबतीत ती खूण स्त्रीत्वाची असेल, विजापूरच्या सासरची असेल किंवा तहाच्या भाषेची असेल. भय खरे होते, वेढाही खरा होता. चुकले ते भयाचे लक्ष्य.

खुणा वाचण्यातली ही चूक आधुनिक काळातही सुधारलेली नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर चारच दिवसांनी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात बलबीरसिंग सोधी या शीख गृहस्थाची हत्या झाली. दाढी आणि पगडी पाहून मारेकऱ्याने त्यांना अरब समजले होते. ‘मारलेला अरब नव्हताच’, एवढ्यावर हळहळ थांबली तर पूर्वग्रह अबाधित राहतो, कारण त्या हळहळीत अरब असता तर वेगळे होते, हे मुकाट्याने मान्य केलेले असते. एडवर्ड सैद यांनी १९७८ मध्ये पौर्वात्यवादाची जी चिकित्सा केली तिचे मर्म येथे प्रत्ययास येते : ज्ञान म्हणून प्रचलित झालेली प्रतिमा प्रत्यक्ष माणसाच्या आधी पोहोचते, आणि माणूस तिच्याशी ताडून पाहिला जातो.

या पार्श्वभूमीवर शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ पुन्हा वाचण्यासारखा आहे. निजामशाही आणि मोगल यांच्या संघर्षाने हा मुलूख उद्ध्वस्त होत असल्याच्या युगातला हा कवी आहे. त्याच्या ग्रंथाच्या नावातच संग्राम आहे. पण त्या संग्रामातले शत्रू अहंकार, काम, क्रोध हे आहेत आणि रणभूमी साधकाचा देह आहे. ज्या काळात प्रत्येक जण शत्रू शेजाऱ्यात शोधत होता, त्या काळात त्याने शत्रूचा पत्ताच बदलला. शेख महंमद स्वतःसाठी ‘अविंध’ हा शब्द वापरतात, हेही लक्षणीय आहे. अविंध म्हणजे ज्याचे कान टोचले गेले नाहीत तो. संस्कारबाह्यतेचा निर्देश करणारा हा शब्द मुसलमानांना दूर ठेवण्यासाठी रूढ होता. शेख महंमद तो नाकारीत नाहीत. आपण अविंध आहोत आणि आपल्या हृदयात गोविंद आहे, असे ते एका दमात सांगतात. दोन विधानांना जोडणारा दुवा ‘आणि’चा आहे. ‘असूनही’ ही नंतरच्या वाचकांची भर.

अठराव्या शतकापर्यंत हे वाचन निराळे होते. राहुरी तालुक्यातील ताहराबादच्या महिपतीने आपल्या संतचरित्रांत शेख महंमदांना इतर संतांच्या ओळीतच बसवले. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार यांच्या नावांत जात जशी सांगितली जाते, तसाच येथे अविंधपणा सांगितला जातो. विसाव्या शतकात वाङ्मयेतिहासाची शास्त्रशुद्ध मांडणी सुरू झाली तेव्हा ‘मुसलमान संतकवी’ हे निराळे प्रकरण निर्माण झाले. वा. सी. बेंद्रे यांनी शेख महंमदांची कविता संपादित केली नसती आणि रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर ग्रंथ लिहिला नसता, तर ही परंपरा विस्मृतीत गेली असती. त्यांचे ऋण निर्विवाद आहे. परंतु संशोधकाने शोधासाठी केलेला विभाग अभ्यासक्रमात कायमची कोठडी बनतो. ‘योगसंग्रामा’ची तुलना विवेकसिंधूच्या किंवा एकनाथी भागवताच्या तत्त्वविचाराशी करण्याऐवजी तो ‘ऐक्या’चा दाखला म्हणून उद्धृत होतो. दाखला झालेला ग्रंथ वाचला जात नाही.

चोखोबांच्या बाबतीतही असेच घडले होते. ‘महार असूनही संत’ या गौरवातला अवमान दलित साहित्याच्या चळवळीने उघड केला, तेव्हा मराठी समीक्षेला आपली परिभाषा तपासावी लागली. १९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा हाच प्रश्न दुसऱ्या दिशेने पुढे आला. मराठी ही ज्यांची घरची भाषा, त्यांना मराठीत लिहिल्याबद्दल शाबासकी का दिली जावी?

नगरच्या किल्ल्यानेच या प्रश्नाचा आणखी एक साक्षीदार पाहिला. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना येथे बंदिस्त करण्यात आले. त्यांत जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव होते, आणि काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझादही होते. आझादांचा जन्म १८८८ चा, मक्केचा. त्यांची आई अरब. १९४० मध्ये रामगढच्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी आपण मुसलमान आहोत याचा अभिमान आहे, आणि आपण भारतीय राष्ट्रीयत्वाच्या अविभाज्य एकतेचा घटक आहोत याचाही अभिमान आहे, असे सांगितले होते. शेख महंमदांचा ‘आणि’ येथे राजकीय गद्यात अवतरला. याच वर्षी जीनांनी त्यांना काँग्रेसचे दिखाऊ बाहुले ठरवले. ‘आणि’ म्हणणाऱ्याला दोन्ही बाजूंचे ‘असूनही’वाले संशयाने पाहतात, हा त्याचा अर्थ.

किल्ल्यात लिहिलेली, मित्राला उद्देशून असलेली आणि तेव्हा न पाठवलेली आझादांची पत्रे १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. चहा, चिमण्या, संगीत, ईश्वरविचार अशा विषयांवरच्या या पत्रांत एप्रिल १९४३ चे एक पत्र आहे. कलकत्त्यात पत्नी झुलेखा यांचे निधन झाले. सरकारकडे सवलतीची याचना करायची नाही, हा निश्चय आझादांनी मोडला नव्हता. आवारातल्या एका जुन्या, अनामिक कबरीकडे त्यांची दृष्टी त्या दिवशी नव्याने जाते. देशनिष्ठेचा पुरावा म्हणून हे पत्र वाचणे म्हणजे त्याचा अपमान होय. ते शोकाचे गद्य आहे, आणि नगरच्या भूमीवर लिहिले गेलेले विसाव्या शतकातील श्रेष्ठ गद्य आहे. त्याच बराकींत सिद्ध झालेला नेहरूंचा भारतविषयक ग्रंथ मराठी वाचकाला परिचित आहे; ‘गुबार-ए-खातिर’ मात्र ‘उर्दूचे’ म्हणून वेगळ्या कप्प्यात राहते.

या चर्चेवर एक आक्षेप संभवतो. समाजाचे भय काल्पनिक नसते. स्वाऱ्या झाल्या, देवळे फुटली, फाळणी झाली, दंगली आणि बाँबस्फोट झाले. हे सर्व खरे आहे, आणि त्याचा उच्चार टाळणारी सलोख्याची भाषा विश्वासार्ह राहत नाही. परंतु घटनेचा जबाबदार कोण, हे पुराव्याने ठरते. नावाने ठरत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाथर्डी तालुक्यातील मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना मज्जाव करणारा ठराव केला. प्रशासनाने तो मान्य केला नाही. कानिफनाथांच्या या स्थानाचे शाह रमजान या नावानेही स्मरण होत आले आहे. ज्या यात्रेची स्मृतीच दुहेरी, तिच्या बाजारातून एक नाव वगळताना कोणत्या विक्रेत्याने काय केले, हा प्रश्न मागे पडतो आणि तो कोण आहे, हा प्रश्न पुढे येतो. चांदबिबीच्या महालात शिरलेल्या जमावाचीही हीच रीत होती.

ठराव रद्द करणे हे प्रशासनाचे काम. ते समीक्षेला करता येत नाही. ठराव ज्या वाक्यरचनेतून जन्मतो, ती बदलणे मात्र तिच्या कक्षेत येते. शेख महंमदांना संतसाहित्याच्या मुख्य प्रवाहात, तत्त्वविचारासह शिकवणे; ‘शिवभारता’तील म्लेच्छ, सिद्ध आणि सेनानी या तिन्ही भूमिका एकत्र वाचणे; नगरच्या किल्ल्यातील उर्दू गद्याला महाराष्ट्राच्या वाङ्मयीन इतिहासात जागा देणे, ही तीन कामे विद्यापीठांच्या आवाक्यातली आहेत. त्यांनी भय नाहीसे होणार नाही. पण पुढच्या वेळी भय लक्ष्य शोधू लागेल तेव्हा भाषेने आधीच तयार करून ठेवलेले लक्ष्य त्याच्या हाती आयते लागणार नाही.