तुटपुंज्या शिदोरीचा खेळ : ‘सर्व्हायव्हल हॉरर’ची कुळकथा

व्हिडिओ गेमच्या ज्या प्रकारात खेळाडूचे मुख्य काम शत्रूला मारणे हे नसून अपुऱ्या साधनांनिशी जिवंत बाहेर पडणे हे असते, त्याला ‘सर्व्हायव्हल हॉरर’ म्हणतात. हे नाव 1996 मध्ये रूढ झाले ते कॅपकॉम या जपानी कंपनीच्या ‘रेसिडेंट इव्हिल’ या खेळामुळे. ‘रेसिडेंट इव्हिल’ची मालिका आजही चालू आहे आणि तिच्या खेळांच्या 17 कोटींहून अधिक प्रती जगभर विकल्या गेल्या आहेत.

या प्रकाराचा पाया टंचाई हा आहे. काडतुसे मोजकी, औषध मोजके आणि सामान ठेवायला जागाही मोजकीच असते. समोर आलेल्या प्रत्येकाशी लढत गेले तर पुढच्या दालनात हात रिकामे राहतात. म्हणून लढायचे, चुकवून जायचे की मागे फिरायचे, हे खेळाडूला पावलोपावली ठरवावे लागते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या डोंगरात पहाटे मोहफुले वेचायला निघालेला माणूस वाघाशी झुंजायची तयारी करून निघत नाही. सोबत कोण आहे, उजाडले किती, परतीची वाट कोणती, एवढे पाहून निघतो. सर्व्हायव्हल हॉररमध्ये खेळाडूला असाच विचार करावा लागतो.

भयकथा आणि हा खेळ यांतला फरकही इथेच आहे. नारायण धारप (1925–2008) किंवा रत्नाकर मतकरी (1938–2020) यांची कथा वाचणारा मराठी वाचक भितो, पण पात्राने तळघराचे दार उघडायचे की नाही हे त्याच्या हाती नसते. खेळात ते दार खेळाडूलाच उघडावे लागते आणि त्याचे परिणामही त्यालाच भोगावे लागतात.

या प्रकाराचे पूर्वज 1980च्या दशकात सापडतात. अटारी कंपनीच्या ‘हाँटेड हाऊस’मध्ये (1982) पडद्यावर खेळाडू म्हणून फक्त दोन डोळे दिसत. अंधाऱ्या वाड्यात काडी ओढली की तेवढ्यापुरता उजेड पडे आणि एका वेळी एकच वस्तू जवळ बाळगता येई. खरा मूळपुरुष मात्र 1989 मध्ये जपानात आला. कियोशी कुरोसावा यांच्या ‘स्वीट होम’ या चित्रपटावरून कॅपकॉमने त्याच नावाचा खेळ फॅमिकॉम यंत्रासाठी काढला. तो तोकुरो फुजिवारा यांच्या देखरेखीखाली तयार झाला आणि केवळ जपानमध्येच प्रकाशित झाला.

‘स्वीट होम’मध्ये एका दिवंगत चित्रकाराच्या वाड्यात पाच जण अडकतात. प्रत्येकाकडे एकेक खास साधन असते : कोणाकडे लायटर, कोणाकडे किल्ली, कोणाकडे औषधपेटी. इतर सामान बाळगायला जागा अगदी थोडी असते. पाचांपैकी एखादा मेला तर तो परत येत नाही आणि त्याच्या साधनाचा पर्याय वाड्यातच शोधावा लागतो. किती जण वाचले त्यावर खेळाचा शेवट बदलतो. वाड्यात विखुरलेल्या चिठ्ठ्यांमधून मागची कथा उलगडत जाते आणि खोली बदलताना दार उघडण्याचे छोटे दृश्य दिसते. पुढे या प्रकाराची ओळख ठरलेल्या बहुतेक खुणा इथेच आढळतात.

दुसरा धागा फ्रान्समधून आला. इन्फोग्राम्स कंपनीने 1992 मध्ये काढलेल्या, फ्रेडरिक रेनाल यांच्या ‘अलोन इन द डार्क’मध्ये पात्रे त्रिमितीय होती, तर पार्श्वभूमी ही आधीच रंगवून ठेवलेली सपाट चित्रे होती. पात्र चालत राही, पण कॅमेरा जागचा हलत नसे. ते चौकटीबाहेर गेले की दुसऱ्या कोनातले चित्र समोर येई. त्या काळच्या संगणकांना संपूर्ण त्रिमितीय वाडा पेलणारा नव्हता, म्हणून ही युक्ती काढली गेली. पण तिच्यामुळे एक अनपेक्षित लाभ झाला : कोपऱ्यापलीकडे काय आहे ते खेळाडूला दिसेनासे झाले.

हे दोन धागे शिंजी मिकामी यांच्या हाती एकत्र आले. ‘स्वीट होम’ची पद्धत वापरून नव्या यंत्रासाठी भयखेळ करण्याचे काम फुजिवारा यांनी त्यांच्याकडे सोपवले होते. पात्राच्याच डोळ्यांनी सगळे दिसावे, असा आधीचा विचार होता. प्लेस्टेशन या त्या नव्या यंत्राची ताकद त्याला पुरणार नाही असे दिसल्यावर स्थिर कॅमेरा आणि तयार चित्रांची पार्श्वभूमी स्वीकारण्यात आली. 22 मार्च 1996 रोजी हा खेळ जपानमध्ये ‘बायोहॅझर्ड’ नावाने आला. पाश्चात्त्य देशांत तोच ‘रेसिडेंट इव्हिल’ झाला.

या पहिल्या भागाने अडचणींचीच रीत बनवली. तबकडीवरून पुढची खोली वाचायला यंत्राला वेळ लागे. तेवढ्या वेळात अंधारात एक दार सावकाश उघडताना दिसे. पलीकडे काय असेल या धास्तीने तो रिकामा वेळ भरून जाई. क्रिस या पात्राला सहा वस्तू ठेवता येत आणि जिलला आठ. उरलेले सामान ठरावीक खोल्यांतल्या पेटीत ठेवावे लागे. खेळ कुठेही जतन करता येत नसे. त्यासाठी टाइपरायटर गाठावा लागे आणि दर वेळी शाईची एक फीत खर्ची पडे. फिती मोजक्याच असल्याने आतापर्यंतची कमाई आत्ताच सुरक्षित करावी की आणखी एक दालन पार करून मग, हाही एक कठीण निर्णय होऊन बसे.

2002 मध्ये याच खेळाची नवी आवृत्ती गेमक्यूब यंत्रावर आली. तिच्यात मारलेला झोंबी, म्हणजे चालता मुडदा, काही काळाने अधिक हिंस्र होऊन उठे. हे टाळायचे तर त्याचे प्रेत जाळावे लागे किंवा आधीच त्याचे डोके उडवावे लागे. जाळण्यासाठीचे रॉकेल मात्र थोड्याच प्रेतांना पुरेल इतके मिळे. त्यामुळे शत्रू मारल्यावरही चिंता संपत नसे.

दरम्यान पहिल्या भागाला भावंडे लाभली होती. ‘रेसिडेंट इव्हिल 3’मध्ये (1999) नेमेसिस हा पाठलाग करणारा शत्रू एका खोलीतून दुसऱ्या खोलीत मागे येई. दार ओलांडले की सुटलो, हा खेळाडूचा विश्वास त्याने मोडला. त्याच वर्षी कोनामीने ‘सायलेंट हिल’ आणला. त्यातले संपूर्ण गाव प्लेस्टेशनला दाखवता येत नव्हते, म्हणून दूरचा भाग धुक्याने झाकला गेला. ते धुके पुढे त्या मालिकेची ओळखच ठरले. शत्रू जवळ आला की खिशातला रेडिओ खरखरू लागे, त्यामुळे दिसण्याआधीच भय कानांवर येई.

2005 मध्ये मिकामी यांच्याच दिग्दर्शनाखाली ‘रेसिडेंट इव्हिल 4’ आला आणि मालिकेने वळण घेतले. कॅमेरा पात्राच्या खांद्यामागे आला, नेम धरणे सोपे झाले, मेलेल्या शत्रूंकडून काडतुसे मिळू लागली. सामानाच्या मोजक्या खणांची जागा चौकटी आखलेल्या पेटीने घेतली आणि वस्तू फिरवून नीट रचणे हाही खेळाचा भाग झाला. खांद्यामागचा हा कॅमेरा पुढे नेमबाजीच्या असंख्य खेळांनी उचलला. पण मालिकेचा तोल लढाईकडे झुकला तो इथूनच. पाचवा भाग (2009) जोडीदारासह खेळायचा होता आणि सहाव्यात (2012) स्फोटांची व पाठलागांची रेलचेल होती. शस्त्रे वाढली तशी भीती उणावली, अशी तक्रार जुने खेळाडू करू लागले. याच काळात स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्सने ‘अ‍ॅम्नेशिया : द डार्क डिसेंट’मध्ये (2010) खेळाडूच्या हाती एकही शस्त्र न देता केवळ कंदील दिला. लपणे आणि पळणे एवढ्यावर भयखेळ उभा राहू शकतो, हे त्याने दाखवून दिले.

24 जानेवारी 2017 रोजी आलेल्या सातव्या भागाने मालिका मुळाकडे वळवली. कोशी नाकानिशी यांच्या दिग्दर्शनाखालील या खेळात अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातले एक पडके घर, त्यातले बेकर कुटुंब आणि आत शिरलेला एक सामान्य माणूस एवढाच पसारा होता. 1996 मध्ये यंत्राच्या मर्यादेमुळे सोडून दिलेला, पात्राच्याच डोळ्यांनी पाहण्याचा विचार आता प्रत्यक्षात आला. काडतुसे पुन्हा मोजकी झाली आणि सामानाची पेटीही परतली. याच खेळासाठी घडवलेल्या आरई इंजिन या प्रणालीवर दुसऱ्या भागाची नवी आवृत्ती (2019), ‘व्हिलेज’ (2021) आणि चौथ्या भागाची नवी आवृत्ती (2023) तयार झाली. यांपैकी ‘व्हिलेज’ आणि चौथा भाग 2023 च्या अखेरीस आयफोन 15 प्रोवरही आले. मोठ्या यंत्रांसाठी घडवलेले हे भाग अशा रीतीने मोबाइलवर पोहोचले. अर्थात त्यासाठी लागणारा फोन भारतात 1,34,900 रुपयांपासून पुढे मिळत होता.

नवव्या मुख्य भागाची, ‘रेसिडेंट इव्हिल रेक्विएम’ची घोषणा जून 2025 मध्ये झाली. दिग्दर्शन पुन्हा नाकानिशी यांचेच. ग्रेस अ‍ॅशक्रॉफ्ट ही एफबीआयची विश्लेषक आणि दुसऱ्या भागापासून ओळखीचा, लढाईत मुरलेला लिऑन केनेडी अशी दोन पात्रे त्यात आहेत. ग्रेस घाबरते, लपते, जपून पुढे सरकते. लिऑन समोरासमोर भिडतो. पात्राच्या डोळ्यांनी पाहायचे की खांद्यामागून, हे खेळाडूने ठरवायचे. चौथ्या भागापासून आलटूनपालटून वरचढ ठरत आलेले भय आणि लढाई हे दोन प्रवाह इथे एकाच खेळात शेजारी ठेवले आहेत.

या मालिकेचा कोणताही नवा भाग पारखताना तीन प्रश्न उपयोगी पडतात : तो खेळाडूच्या हाती किती साधने देतो, त्याच्या नजरेपासून काय लपवतो आणि चुकीची किती किंमत वसूल करतो. यंत्रे बलवान झाली, धुक्याची किंवा सावकाश उघडणाऱ्या दाराची तांत्रिक गरज उरली नाही. टंचाई मात्र आता निर्माते जाणीवपूर्वक घडवतात. सहाव्या भागात ती सैल झाली तेव्हा भीती ओसरली आणि सातव्यात ती परतली तेव्हा भीतीही परतली.