विम्याचे सरकारी अहवाल खासदार-आमदारांसमोर कसे जातात?

पळस्पे फाट्यावर जुना मुंबई-पुणे रस्ता आणि मुंबई-गोवा महामार्ग वेगळे होतात. आजूबाजूला गोदामं आणि कंटेनर यार्ड. इथे कामाला असलेल्या माणसाचा विम्याशी संबंध रोजचा आहे. पगारातून ईएसआयसीचे पैसे कापले जातात (जुलै २०१९ पासून कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के), ट्रकला थर्ड पार्टी विमा लागतो, आणि घरात कुणी आजारी पडलं की महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी सुरू होते. या सगळ्याचा हिशेब लोकप्रतिनिधींपुढे कसा जातो, ते आम्ही इथे एका जागी देत आहोत.

विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारं प्राधिकरण म्हणजे आयआरडीएआय. १९९९ च्या कायद्याच्या कलम २० प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यावर ९ महिन्यांच्या आत त्याने आपल्या कामाचा अहवाल केंद्र सरकारला द्यायचा असतो. सरकार तो लोकसभा आणि राज्यसभा, दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवतं. म्हणजे प्राधिकरण थेट संसदेत जात नाही, मधे अर्थ मंत्रालय असतं. आणि गोम इथेच आहे. प्राधिकरणाला ९ महिन्यांची मुदत आहे, पण सरकारसाठी कायद्यात फक्त ‘शक्य तितक्या लवकर’ असं म्हटलंय.

ही फट बुजवण्याचं काम लोकसभेची एक समिती करते. पटलावर ठेवलेल्या कागदपत्रांची समिती असं तिचं नाव, ती १९७५ पासून आहे. तिचा दंडक असा की सरकारी संस्थांचे वार्षिक अहवाल आणि तपासलेले हिशेब वर्ष संपल्यापासून ९ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत, सभागृहात आले पाहिजेत. नाही आले तर उशीर का झाला याचं निवेदन मंत्र्यांनी ठेवायचं. पटलावरच्या कागदांच्या यादीत असं निवेदन दिसलं तर ते आधी वाचावं, असं आम्ही सुचवू.

ईएसआयसीचं याहून बरं. १९४८ च्या कायद्याच्या कलम ३६ नुसार वार्षिक अहवाल, हिशेब, त्यावरचा कॅगचा अहवाल आणि अर्थसंकल्प असं सगळंच संसदेपुढे येण्याची तरतूद होती. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये सामावून घेतला आहे.

राज्याची गोष्ट वेगळी. महात्मा फुले योजना जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला रायगड होता. अशा योजनांवर राज्याचा पैसा कसा खर्च झाला हे कॅग तपासतो. त्याचा अहवाल संविधानाच्या अनुच्छेद १५१ प्रमाणे राज्यपालांकडे जातो, राज्यपाल तो विधिमंडळापुढे ठेववतात आणि पुढे लोकलेखा समिती अधिकाऱ्यांना बोलावून विचारते.

हे सगळं नुसतं कागदी आहे का? तसं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष्मान भारत योजनेवरचा कॅगचा अहवाल लोकसभेत ठेवला गेला. सुमारे ७.५ लाख लाभार्थी एकाच मोबाईल नंबरला जोडलेले आहेत, आणि तो नंबर दहा वेळा नऊ, हे त्यातूनच देशाला कळलं. लाभ देण्यासाठी मोबाईल नंबरची गरजच नसते, असा खुलासा सरकारने केला. खुलासा पटो न पटो, अहवाल पटलावर आला म्हणून तो द्यावा लागला.

आता वाचकाने काय करायचं? पटलावर आलेला अहवाल सार्वजनिक असतो, संसदेच्या आणि त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर तो बघता येतो. पळस्पे मावळ लोकसभा मतदारसंघात येतं. अहवालातला आकडा आणि पान क्रमांक देऊन खासदारांना पत्र लिहिलं तर ते त्यावर प्रश्न विचारू शकतात, मात्र प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशन सुरू व्हायच्या आधीच पत्र पोचवा. अहवाल सापडतच नसेल तर १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. स्वतःचा क्लेम अडकला असेल तर मात्र या अहवालांत त्याचं उत्तर मिळणार नाही. खाजगी पॉलिसीसाठी विमा लोकपालांकडे जावं लागतं.